अनुदानाला अट घाला!



सरकारी पैशातून चालणाऱ्या समाजकल्याणाच्या किंवा पर्यावरणरक्षणाच्या कोणत्याही योजनेचा कागद उघडा, त्यात नगरपालिकेच्या ‘सहभागा’चा उल्लेख सापडेलच. केंद्राचा पैसा येतो, राज्याचा येतो, नगरपालिका आपला वाटा घालते, सभागृहात ठराव होतो, निविदा निघते, फोटो निघतो आणि आमच्या वस्तीतील माणसाचे नाव ‘लाभार्थी’ या रकान्यात जाऊन पडते. हा रकाना आम्हाला मान्य नाही. ज्या कामाला सार्वजनिक पैसा लागला त्या कामात आमचा भाग कोणाच्या मेहेरबानीने येत नाही, तो हक्काने येतो. आणि जी नगरपालिका तो हक्क नाकारते तिच्या अनुदानाला हात लागलाच पाहिजे. ही मागणी आम्ही आज उकरून काढलेली नाही. ती सुमारे शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कायदेमंडळात मांडली गेली होती आणि तिच्या पोटातूनच महाडचा संग्राम जन्मला.

महाडची हकिकत आमच्या घराघरांत सांगितली जाते. परंतु ती सांगताना तळ्याचे पाणी आणि मनुस्मृतीची होळी या दोन गोष्टींवर सारा भर पडतो आणि मधली नगरपालिका विसरली जाते. तिच्याकडे आज मुद्दाम पाहिले पाहिजे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडून संमत करून घेतला की, सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गाला खुले असावेत. सरकारने तो नगरपालिकांकडे पाठविला. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पाण्याला मात्र आमच्यापैकी कोणाचा हात लागला नाही, कारण ठराव करणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो अंमलात आणावयाचा नव्हता. सुरबानाना टिपणीसांसारखे न्यायबुद्धीचे गृहस्थ त्या नगरपालिकेत होते, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु एकदोन सज्जनांच्या बळावर संस्था सज्जन होत नाही.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह त्या तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले, म्हणजे नगरपालिकेने स्वतःच केलेल्या ठरावाची अंमलबजावणी केली. त्यावर नगरपालिकेने काय करावे? ऑगस्ट १९२७ मध्ये तिने आपला ठराव रद्द केला! जोवर ठराव मुका होता तोवर तो तिला चालत होता. तो चालू-बोलू लागताच तिने त्याचा गळा दाबला. पुढे काही सनातनी मंडळींनी दावा लावला, डिसेंबर १९२७ मध्ये तात्पुरता मनाई हुकूम मिळविला, आणि तो दावा महाडच्या न्यायालयातून वर चढत चढत १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात बाबासाहेबांच्या बाजूने संपला. तळे नगरपालिकेच्या मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादि काळापासूनची म्हणून जी रूढी सांगितली जाते ती शाबीत झालेली नाही, हा त्या निकालाचा गाभा. एका ओंजळीचा हक्क कायद्याने शाबीत होण्यास दहा वर्षे लागली.

आता या लेखाचा जो मुद्दा आहे तो पाहा. १९२३ चा ठराव नगरपालिका गुंडाळून ठेवीत आहेत हे दिसल्यावर बोले स्वस्थ बसले नाहीत. १९२६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिला ठराव अंमलात आणणार नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये, अशी त्याची मागणी होती. बोल्यांनी रोगाचे मूळ अचूक ओळखले होते. उपदेशाने नगरपालिका हलत नाही, मानपत्राने हलत नाही, मोर्चाने हलली तर चार दिवस हलते. तिला तिजोरीची भाषा कळते.

पहिल्या ठरावातील तत्त्व पुढे संविधानात जाऊन बसले. अनुच्छेद १५ चा दुसरा खंड काढून वाचा. राज्याच्या निधीतून पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांच्या बाबतीत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकावर निर्बंध घालता येत नाही. ‘अंशतः’ हा शब्द फार मोलाचा आहे. सार्वजनिक खजिन्यातील एक रुपया जरी लागला तरी ती वस्तू सर्वांची झाली. दुसऱ्या ठरावातील तत्त्व मात्र अजून उंबऱ्याबाहेर उभे आहे. त्याला आत घेणे हे आजचे काम आहे.

अनुदानाला अटी घालणे सरकारला जमत नाही, असे कोणी म्हणू नये. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी शहरांच्या अनुदानाला अटी घातल्याच होत्या. लेखापरीक्षण झालेले हिशेब जाहीर करा, मालमत्ता कराचे किमान दर ठरवा, मग पैसे घ्या. स्वच्छ भारत अभियान २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झाले. त्याच्या नागरी भागाचा दुसरा टप्पा १ ऑक्टोबर २०२१ पासून सुमारे १ लाख ४१ हजार ६०० कोटी रुपयांच्या आराखड्यासह आला. हागणदारीमुक्तीचे दाखले, कचरामुक्तीचे तारे, २०१६ पासून दरवर्षी होणारी शहरांची क्रमवारी, या साऱ्या मोजमापाच्याच गोष्टी आहेत. महाराष्ट्र शासनाने २ ऑक्टोबर २०२० पासून ‘माझी वसुंधरा’ अभियान चालविले. त्यात भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पाच तत्त्वांवर शहरांना गुण मिळतात. (आमच्या तथागतांच्या धम्मात धातू चारच मोजण्याची वहिवाट आहे, पाचवे कोणी वाढविले म्हणून आमचे भांडण नाही.) आमचा प्रश्न साधा आहे. झाडे किती लावली याला गुण, सौरदिवे किती बसविले याला गुण, ओला-सुका कचरा वेगळा केला की गुण. मग त्याच शहरात गटारात उतरून माणूस मेला तर किती गुण वजा होतात? पाच तत्त्वांपैकी कोणत्या तत्त्वात त्या माणसाची गणना होते?

मोजणाऱ्याने काय मोजले आणि काय सोडले, यावरून त्याचे मन कळते. २०२३-२४ पासून केंद्राने ‘नमस्ते’ नावाची योजना आणली. गटारे आणि मैलाटाक्या यंत्राने साफ व्हाव्यात, कामगारांची नोंद व्हावी, त्यांना साधने व विमा मिळावा, हा तिचा हेतू. हेतू चांगला आहे, त्याला नावे ठेवणार नाही. तीन वर्षांसाठी तिला सुमारे ३५० कोटी रुपये नेमून दिले. वर सांगितलेल्या १ लाख ४१ हजार कोटींशी ताडून पाहा. दोन्ही योजनांच्या मुदती वेगळ्या आहेत आणि पैशाचे उगमही सर्वस्वी एक नाहीत, हे मान्य. तरी शहराच्या स्वच्छतेच्या शंभर रुपयांमागे स्वच्छता करणाऱ्याच्या जिवाचे मोल चार आणे भरते. याच योजनेखाली देशभरातील नगरपालिकांनी केलेल्या नोंदीत, २०२४ मध्ये बाहेर आलेल्या आकड्यांप्रमाणे, सुमारे ३८ हजार गटार व मैलाटाकी कामगारांपैकी जवळजवळ ६९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. चातुर्वर्ण्य कायद्याच्या पुस्तकातून गेले; नगरपालिकेच्या हजेरीपटावर ते सुखाने नांदत आहे.

कायदा कमी आहे असे नाही. हाताने मैला उचलण्याविरुद्ध पहिला कायदा १९९३ चा. दुसरा २०१३ चा असून त्याचे सातवे कलम गटार व मैलाटाकी यांच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावण्यास बंदी करते. नववे कलम पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगते. बाविसावे कलम तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरविते. तेहेतिसावे कलम खुद्द नगरपालिकेवर कर्तव्य लादते की, सफाईसाठी तिने योग्य यंत्रसामग्री वापरलीच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी हुकूम केला की, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत. २० ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने ही रक्कम तीस लाख केली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये गोवंडीच्या प्रकरणात सांगितले की, काम खाजगी इमारतीचे असले तरी भरपाई आधी शासनाने द्यावी आणि मागाहून कसूरदाराकडून वसूल करावी. विधवेने कंत्राटदाराच्या मागे धावत फिरावे असे कायदा म्हणत नाही.

तरीही ती धावते. या व्यवसायात अशी प्रकरणे माझ्याकडे येतात, त्यांतील एकाची तऱ्हा सांगतो. नगरपालिकेचे उत्तर आले की, मयत इसम आमच्या आस्थापनेवर नव्हता, काम कंत्राटाने दिलेले होते. कंत्राटदार म्हणाला की, हा माणूस माझ्या यादीत नाही, मुकादमाने परस्पर आणला. मुकादम म्हणाला की, तो आपल्या मर्जीने उतरला. तिन्ही उत्तरे त्या बाईला वाचून दाखविली. ती म्हणाली, “वकीलसाहेब, मग माझा धनी कुणासाठी उतरला?” त्या शहराला त्या सालीही स्वच्छतेचा दाखला होता आणि त्याचे अनुदान एका दिवसासाठीही अडले नाही.

म्हणून आमची मागणी नेमक्या शब्दांत मांडतो. स्वच्छतेच्या, पाण्याच्या वा पर्यावरणाच्या ज्या ज्या योजनेत नगरपालिका सरकारी पैसा घेऊन सहभागी होते, त्या त्या योजनेच्या मंजुरीपत्रात अट असावी की, हद्दीत गटारमृत्यू घडला आणि ठराविक दिवसांत गुन्हा नोंदला गेला नाही किंवा भरपाई दिली गेली नाही, तर त्या वर्षाचे मानांकन व पारितोषिक रद्द होईल आणि पुढील हप्ता रोखला जाईल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. अनुदान थांबले तर नुकसान कोणाचे? आमच्याच वस्तीतील नळ आणि शौचालये अडतील. अधिकारी घरी जेवत राहील. हे खरे आहे, आणि सरसकट सारे पैसे थांबवा असे म्हणणारा मनुष्य आमच्या वस्तीत कधी राहिलेला नाही. परंतु अनुदान ही एकच थैली नसते. शोभेच्या चौकांचा, कारंज्यांचा, उद्यानांचा आणि बक्षिसांचा पैसा वेगळा असतो, तो रोखा. वस्तीच्या कामाचा पैसा रोखू नका. कसूर करणाऱ्या नगरपालिकेच्या हातून तो काढून जिल्हाधिकाऱ्यामार्फत खर्च करा. शिक्षा गुन्हेगाराला बसावी आणि पाणी तहानेल्याला मिळावे, एवढी अक्कल मंजुरीपत्र लिहिणाऱ्या कारकुनाला नक्कीच असते, वरून तसा हुकूम आला तर!

‘सहभाग’ या शब्दाचा आणखी एक उपयोग मुंबईत झाला, तो विसरता येत नाही. कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांना महापालिकेने कामगार म्हणावयाचेच टाळले. संस्थांमार्फत काम देऊन त्यांना ‘स्वयंसेवक’ ठरविले आणि मजुरीला ‘मानधन’ हे सोज्वळ नाव दिले. पहाटे अंधारात उठून गावाचा कचरा गाडीत भरणारा हा स्वयंसेवक! मग पायघोळ घालून ध्वजवंदनाला येणारे कोण? कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा प्रश्न न्यायालयात नेला. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, महापालिका वर गेली, आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयात २,७०० कामगार कायम होण्याचा हक्क शाबीत झाला. बाबासाहेबांनी १९३५ साली मुंबई म्युनिसिपल कामगार संघ स्थापन केला, त्याच महापालिकेच्या दारात ऐंशी वर्षांनीही झाडूवाल्याला आपण कामगार आहोत हे सिद्ध करावे लागले. देशातील श्रीमंतांत श्रीमंत अशी ही महापालिका. तिच्यापाशी पैसा नव्हता म्हणून हे घडले असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

याहून निराळेही घडू शकते. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या, बहुसंख्य दलित अशा स्त्रियांची ती संघटना. तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कामगारांच्याच मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि पुणे महानगरपालिकेने तिच्याशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम तिला दिले. जी बाई काल उकिरड्यावर हाकलली जात होती ती आज ओळखपत्र लावून दारात येते आणि घरमालक तिला ठरलेले शुल्क देतो. कराराच्या नूतनीकरणावरून या संस्थेचे भवितव्य अनेकदा टांगणीला लागले, हेही तितकेच खरे. बड्या कंत्राटदाराचा करार वर्षानुवर्षांचा असतो आणि कष्टकऱ्यांचा करार मात्र मुदतवाढीवर जगतो. तरीही नगरपालिकेचा सहभाग कसा असावा हे पाहावयाचे असेल त्यांनी ते पुण्यात पाहावे.

आता आपल्या घरातील गोष्ट. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सुनीताची कथा सांगितली आहे. राजगृहाच्या रस्त्यावरील केरकचरा उचलणारा सुनीत. तथागत भिक्षुसंघासह त्या वाटेने आले. त्यांनी त्याला अधिक चांगला झाडू दिला नाही, त्याच्या कामाला पवित्र सेवेचे नाव देऊन त्याला तेथेच उभे ठेवले नाही, आणि त्याच्या मुलासाठी तीच जागा राखूनही ठेवली नाही. त्याला त्यांनी संघात घेतले आणि राजगृहात जे पूज्य होते त्यांच्या पंक्तीला बसविले. ज्याने दीक्षा घेतली त्याने ही कथा आपल्या मुलांना सांगावी आणि मग नगरपालिकेच्या वारसाहक्काच्या अर्जाकडे पाहावे.

लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. ही सवलत ज्या कुटुंबाची चूल पेटवते त्या कुटुंबाला आम्ही दोष देणार नाही. पक्की नोकरी, पगार आणि निवृत्तिवेतन यांची किंमत उपाशी राहिलेल्याला विचारावी. परंतु जो समाज आपल्या सवर्ण मुलाला गुणवत्तेचा पाठ पढवितो तोच समाज झाडूच्या बाबतीत वंशपरंपरेचा एवढा अभिमानी का होतो? नगराध्यक्षाची खुर्ची वारसाहक्काने नको, अभियंत्याची जागा नको, लेखापालाची नको, फक्त झाडू मात्र बापाकडून मुलाकडे! वारसाला नोकरी द्या; पण तो पदवीधर असेल तर लेखणीची द्या, यंत्र चालविण्यास शिकला असेल तर यंत्राची द्या. मैला उपसण्याचे यंत्र सरकारी पैशाने येते तेव्हा त्याचा चालक बाहेरचा आणि त्याच्या नळीखाली उभा राहणारा आमचा, ही वाटणी कोणत्या योजनेत लिहिली आहे?

पुष्कळ नवदीक्षित कुटुंबांच्या मनात एक भीती घातली जाते. कचेरीतील कोणी म्हणतो, तुम्ही बौद्ध झालात, आता वस्तीच्या निधीवर तुमचा हक्क राहिला नाही, दाखला मिळणार नाही. हे धादांत असत्य आहे. महाराष्ट्राने १९६० सालीच नवबौद्धांना राज्यातील सवलती दिल्या, आणि १९९० मध्ये संसदेने १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती करून बौद्ध धर्म मानणाऱ्यांना त्यात स्पष्ट स्थान दिले. दीक्षेने हक्क जात नाही. असे तोंडी सांगणाऱ्याला ते लेखी देण्यास सांगावे. सहसा तो देत नाही.

आणखी एक बोलणे कडू आहे, पण ते आमच्याच पत्रातून बोलले पाहिजे. नगरपालिकांच्या अंदाजपत्रकात दुर्बल घटकांसाठी पाच टक्के राखण्याचा दंडक आहे. शिवाय दलित वस्ती सुधारणेचा पैसा येतो. तो कोठे जातो? कित्येक वस्त्यांच्या तोंडाशी भव्य कमान उभी आहे, तिच्यावर बाबासाहेबांचे नाव आहे आणि कमानीखालून उघडे गटार वाहते. समाजमंदिर आहे, त्याला कुलूप आहे. फरशीचे ठोकळे तिसऱ्यांदा बदलले, मैल्याची वाहिनी मात्र एकदाही टाकली गेली नाही. या कामांचे कंत्राट अनेकदा आमच्यातीलच एखाद्याला मिळालेले असते आणि उद्घाटनाला राखीव जागेवर निवडून आलेला आमचाच नगरसेवक असतो. अनुच्छेद २४३-टी ने त्याला जागा दिली ती फीत कापण्यासाठी दिलेली नाही. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांची अठरा कामे सांगितली आहेत. त्यांत सार्वजनिक आरोग्य व सफाई आहे, पर्यावरणाचे रक्षण आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे आणि दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षणही आहे. ही चारही कामे एकाच गटाराच्या तोंडाशी येऊन मिळतात. आमच्या नगरसेवकाने सभागृहात विचारावयाचे ते एवढेच की, हे गटार कोण साफ करतो आणि कशाने.

अर्थात विचारण्यास सभागृह तरी असावे लागते! मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि नव्या सभागृहासाठी मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांनाही डिसेंबर २०२५ पर्यंत प्रशासकाखाली राहावे लागले. या वर्षांत योजना चालू होत्या, स्पर्धा चालू होत्या, कोट्यवधी रुपये खर्ची पडत होते आणि नगरपालिकेच्या ‘सहभागा’चे सारे कागद एका अधिकाऱ्याच्या सहीने पूर्ण होत होते. क्षेत्रसभांची तरतूद राज्याच्या कायद्यात २००९ मध्ये आली. आपल्या वस्तीत अशी सभा भरलेली किती वाचकांनी पाहिली आहे? निवडून आलेली सभागृहे आता बसली आहेत, म्हणून त्या चार वर्षांचा हिशेब मागण्याची हीच वेळ आहे. नव्या सभासदाला ‘ते माझ्या कारकिर्दीतले नाही’ असे म्हणता येईल, ‘मला पाहावयाचे नाही’ असे म्हणता येणार नाही.

प्रत्येक विहारात रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास या कामाला द्यावा. वस्तीत लिहितावाचता तरुण असतोच. मुलगी असेल तर अधिक चांगले, कारण ती कचेरीत चिवटपणे उभी राहते असा अनुभव आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली दहा रुपयांच्या फीने नगरपालिकेच्या माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. गेल्या पाच आर्थिक वर्षांत दुर्बल घटकांसाठी राखलेली रक्कम किती, खर्च किती, कोणत्या कामावर आणि कोणत्या ठरावाने. स्वच्छतेच्या योजनांखाली आलेले हप्ते किती. गटारे व मैलाटाक्या साफ करण्यासाठी घेतलेली यंत्रे किती, त्यांतील चालू किती, त्यांवर नेमलेले चालक कोण. सफाईची कंत्राटे कोणाला आणि कामगारांच्या हजेरीपटाच्या प्रती. २०१३ च्या कायद्याखालील पाहणी केव्हा झाली आणि तिच्या यादीत नावे किती, एवढे विचारावे. उत्तरात ‘निरंक’ असे आले तरी हरकत नाही, तो कागद जपून ठेवावा. गटारात माणूस गेल्यावर न्यायालयात त्याच कागदाचा उपयोग होतो.

तीस दिवसांत उत्तर न आल्यास पुढील तीस दिवसांत पहिले अपील करावे, त्याला वीस रुपयांची फी लागते. सोबत नगराध्यक्षांच्या नावे दुसरा अर्ज द्यावा आणि अनुदानाच्या अटीचा ठराव सभेपुढे ठेवून शासनाकडे पाठविण्याची मागणी त्यात करावी. त्याखाली वस्तीतील स्त्रीपुरुषांच्या सह्या घ्याव्यात. अंगठा उठविणाऱ्यांचे अंगठेही घ्यावेत आणि शेजारी पूर्ण नाव लिहावे. दोन्ही अर्जांच्या दोन दोन प्रती न्याव्यात. पोचेवर सही, शिक्का आणि तारीख पडल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नये.